साडेतीनवरचं फुलपात्र

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. चमचा असायचा. घरचा, स्टीलचा, दांडा किंचित वाकलेला. आम्ही सगळे सकाळी सात वाजता घामाने निथळत एकाच प्लेटमधल्या सेव उसळीवर तुटून पडायचो, तेव्हा हे आपली वेगळी प्लेट घेऊन तीन हात लांब उभे राहायचे, चमचा काढून रुमालाने पुसायचे आणि सोवळ्यात असल्यासारखे खायचे. पाणी वरून प्यायचे. बाटलीला कुणाचा ओठ लागला की ती बाटली त्यांच्यापुरती वारली.

"काका, तुमाला आमची सूग चढते के शुं?" जिगरने एकदा विचारलं. जिगर आमच्यातला सगळ्यात चांगला नाचणारा आणि सगळ्यात वाईट मराठी बोलणारा.

"किळस नाही रे. उष्टं चालत नाही मला," ते म्हणाले आणि पाव मोडायला लागले.

'उष्टं' हा शब्द लक्षात ठेवा. मला तो फार महागात पडलेला आहे.

काका म्हणजे नात्याने कुणाचेच काका नव्हते. तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडलेली होती, पण स्ट्रीट डान्समध्ये पंचविशी पार केली की माणूस काका होतो. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांनीही ते कधी सांगितलं नाही. बाकीची पोरं स्पर्धेच्या फॉर्मवर अशी नावं लिहायची की नव्या मोबाइलचं मॉडेल वाटावं. हे तिथे वाघोडियाच्या कंपनीतला आपला टोकन नंबर लिहायचे, चारशे बारा. निवेदक ओरडायचा, "फोर! वन! टू!" आणि धूर सोडलेल्या स्टेजवर इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांना तेल लावलेला एक मराठी गृहस्थ यायचा. लोक हसायचे. मग गाणं लागायचं आणि लोक हसायचे थांबायचे.

कंपनीत ते बेअरिंग तपासायचे. उचलायचं, बघायचं, पास किंवा नापास. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे बघून तिसरं काही सुचत नसे. नाचाचंही तेच. तुम्ही जीव तोडून काहीतरी करून दाखवावं आणि त्यांनी दोनपैकी एक शब्द उच्चारावा. स्टेप दुसऱ्याची उचललेली असेल तर "उष्टं". स्वतः शोधलेली असेल तर "घरचं". बास. शाबास नाही, छान नाही, प्रयत्न चांगला आहे वगैरे तर नाहीच.

दुसऱ्याची स्टेप चोरण्याला जगभरचे डान्सर 'बाइट' म्हणतात. काकांना तो शब्द पटत नसे. "बाइट म्हणजे नुसतं चावणं. कुत्रंही चावतं. दुसऱ्याने चघळून टाकलेलं आपण मिटक्या मारत खातो, ती लाज त्या शब्दात कुठे आहे?" असं ते म्हणायचे. आमच्यातल्या गुजराती पोरांनी त्याचं लगेच "एंठुं" करून टाकलं. लाज दोन्ही भाषांत सारखीच आहे हे त्यावरून कळलं.

बडोद्याला संस्कारनगरी म्हणतात. संस्कारनगरीचा नियम असा की नवरात्रात नऊ रात्री अख्खं शहर मैदानात गोल फिरतं ती भक्ती, आणि उरलेल्या वर्षात कुणी शॉपिंग सेंटरच्या व्हरांड्यात नाचलं तर ते रखडणं. गुजरातीत रखडणं म्हणजे भटकणं, मराठीत रखडणं म्हणजे अडकून पडणं. माझ्या आईच्या मते मी दोन्ही भाषांत रखडले होते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष होतं, आणि मी पहाटे उठून वासण्याच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये जायचे, कारण तिथली फरशी गुळगुळीत होती आणि लेडीज ड्रेसच्या दुकानाची काच एवढी मोठी होती की आरशाची गरज पडत नसे. काचेमागे चार पुतळ्या उभ्या असायच्या. काकांचं त्यांच्याविषयीचं मत आमच्यापेक्षा चांगलं होतं. "त्यांच्याकडून शिका. उगाच हलत नाहीत," असं ते रोज ऐकवायचे.

आम्ही जे करायचो त्याला पॉपिंग म्हणतात. ठेक्यावर स्नायू आवळायचे आणि सोडायचे. बघणाऱ्याला वाटतं की माणसाला विजेचा झटका बसतोय आणि त्याची काही तक्रार नाही. मी ते फोनवर बघून शिकले होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. पहिल्या दिवशी मी काकांपुढे माझा अख्खा खजिना रिकामा केला. पाच मिनिटं नाचले. ते हाताची घडी घालून उभे होते.

"कोरियाचं उष्टं," ते म्हणाले. "मधलं फ्रान्सचं. शेवटचं तर त्या सुरतच्या पोराचं, त्याने कोरियाचं उचललेलं. म्हणजे उष्ट्याचं उष्टं."

"मग माझं काय होतं त्यात?"

"घाम," ते म्हणाले आणि कंपनीची बस पकडायला निघून गेले.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. आईच्या मते, ज्या मुलीला घरात एक शब्द सहन होत नाही ती बाहेरच्याचा अपमान पैदल जाऊन ऐकते, यालाच शिक्षण म्हणतात.

त्यांची शिकवण्याची पद्धतही नापास करण्याच्या लायकीची होती. सगळं जग पाच-सहा-सात-आठ मोजतं आणि मधल्या अर्ध्या मात्रेला 'अँड' म्हणून वेळ मारून नेतं. काकांना हे दारिद्र्य वाटायचं. "आपल्याकडे दीड आहे, अडीच आहे, साडेतीन आहे. वापरा की! कशासाठी ठेवलेत?" मग आम्ही सगळे, त्यात पटेल, शाह, एक सरदारजी, काचेपुढे उभे राहून एका सुरात म्हणायचो: एक, दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार. एकदा सकाळी फिरायला निघालेल्या एका आजोबांनी थांबून ऐकलं आणि डोळे पुसले. त्यांना वाटलं, मराठी शाळा पुन्हा सुरू झाली.

आणि ते आम्हाला बाजारात पाठवायचे. "लहरीपुऱ्याला जा आणि एक स्टेप घेऊन ये," असं ते कोथिंबीर आणायला सांगावं तसं सांगायचे. अट एकच. फोन घरी ठेवायचा आणि तासभर एका जागी उभं राहून नुसतं बघायचं. जिगरने पहिल्याच फेरीत स्कूटरपुढे गाय आडवी बसल्यावर माणसाची मान, कोपर आणि अब्रू कशी क्रमाक्रमाने ढिली पडते ते आणलं. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "घरचं." जिगरने त्या आनंदात आम्हा सगळ्यांना सेव उसळ खिलवली.

मी एका साडीच्या दुकानासमोर तासभर उभी राहिले. दुकानदार साडी हवेत फेकून उलगडायचा आणि बाईने नाक मुरडलं की त्याच हाताने ती गोळा करायचा. मी ते खांद्यापासून बोटांपर्यंत बसवलं. महिनाभर घासलं. काकांनी बघितलं आणि पुन्हा करायला लावलं. मला वाटलं, आता येतोय तो शब्द.

"साडी चांगली आहे," ते म्हणाले. "पण तू त्याच्याकडे बघितलंस, बाईकडे बघितलंच नाहीस. अर्धं राहिलंय."

तर मला तो शब्द हवा होता. "घरचं." एकदा, सगळ्यांसमोर, त्यांच्या तोंडून. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते. एवढे श्रम बी.कॉम.वर घेतले असते तर आज मी ज्या साहेबाला सलाम करते त्याच्या खुर्चीत असते.

त्यांची स्वतःची एकच स्टेप प्रसिद्ध होती. तिचं नाव 'फुलपात्र'. हातात अर्धं भरलेलं फुलपात्र धरल्यासारखी बोटं करायची आणि हात हळूहळू तोंडाकडे न्यायचा. वाटेत तो थरथरायचा, पण कसाही नाही. प्रत्येक थरथर बरोबर मात्रेवर: एक, दीड, दोन, अडीच. बघणाऱ्याला आता सांडणार, आता सांडणार असं वाटायचं आणि एक थेंब सांडायचा नाही. साडेतीनला हात ओठांपासून बोटभर अंतरावर थांबायचा. चार ते मोकळा सोडायचे. त्या मोकळ्या चारवर लोक वेडे व्हायचे. निवेदकांना नाव उच्चारता यायचं नाही, त्यामुळे एकदा आणंदच्या निवेदकाने "और अब, फुल पातरां!" अशी घोषणा केली आणि पब्लिकला वाटलं की मध्यंतर झालं, नाश्त्याला अळूवड्या आल्या.

गुजरातभर सगळ्यांना ती स्टेप माहीत होती आणि कुणीही तिला हात लावत नसे. ज्या पोरांनी एकमेकांचे बूटसुद्धा सोडले नव्हते तीही नाही. ही कुठून आणली असं विचारलं की काका म्हणायचे, "कंपनीतून. मशीनचं व्हायब्रेशन आहे." आम्ही माना डोलवायचो. कंपनीत फुलपात्र कुठून आलं, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. मी तर घरी रोज फुलपात्रात पाणी प्यायचे.

मग ती स्पर्धा झाली. मॉलच्या तळमजल्यावर, रविवारी दुपारी, एका बाजूला आइस्क्रीम आणि दुसऱ्या बाजूला कुकरवर सूट. मी अंतिम फेरीत पोचले, समोर सुरतचा मुलगा. जिंकणारा दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. अंतिम फेरीत दोघांनी आळीपाळीने तीन तीन वेळा नाचायचं आणि शेवटी परीक्षकांनी बोट दाखवायचं. दोन वेळा मी नाचले, साडी उलगडली, गोळा केली, सगळं केलं. तिसऱ्या वेळी मात्र माझ्याकडे काही उरलंच नाही. गाण्यात असा तुकडा आला की नुसता ठेका राहिला, बाकी सगळं बंद. आणि माझा हात आपोआप वर गेला.

एक, दीड, दोन, अडीच.

मी फुलपात्र केलं. खोटं कशाला बोलू, त्यांच्यापेक्षा बरं केलं. साडेतीनला हात थांबला आणि आइस्क्रीमवालासुद्धा ओरडला. बाहेरगावाहून आलेले तिन्ही गुजराती परीक्षक उभे राहिले. मला दिल्ली दिसायला लागली.

"उष्टं!"

पहिल्या रांगेतून आला तो आवाज. काका मधल्या जागेत आले, त्यांनी बोटं ओठांना लावली आणि दोन्ही हात झटकले, ताटावरून उठल्यासारखे. परीक्षकांना काही कळेना. शेवटी जिगरला माइक हातात देऊन भाषांतर करायला लावलं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "काका एम कहे छे के... आ एंठुं छे." तीनही बोटं सुरतकडे वळली.

स्वतःच्या हाताने वाढवलेली शिष्या स्वतःच्याच हाताने पाडणारा गुरू मिळायला भाग्य लागतं. मी बाहेर पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. मी रडत होते आणि ते मला लपवताही येत नव्हतं.

"काका, तुम्ही तरी? दुसरा कुणी ओरडला असता तर समजू शकले असते."

"ते सोडून काहीही घ्यायचं होतंस," ते म्हणाले. "कोरियाचं केलं असतंस तरी मी गप्प बसलो असतो. तेवढं एक नको होतं."

"एवढा गर्व आहे तुम्हाला त्या स्टेपचा?"

ते खिशातला चमचा चाचपत उभे राहिले. मी स्कूटर काढली आणि घरी गेले.

पुढची दीड वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. सूड म्हणून सोशल मीडियावर लिहिलं, "काही गुरू सावली देतात, काही ऊन अडवतात." दोन्ही एकच हे मला नंतर कळलं. अनेकांना ते फार खोल वाटलं. मग मी अलकापुरीतल्या एका विमा ऑफिसात लागले. लोकांचे अर्ज वाचायचे आणि ते का मंजूर होऊ शकत नाहीत हे नम्र भाषेत कळवायचं. साहेब म्हणाले, ट्रेनिंगची गरजच दिसत नाही. कशी दिसेल? दोन वर्षं काकांकडे काढली होती. नाच मात्र सुटला. पहाटे जाग यायची, पाय चादरीत दीड-अडीच करायचे, आणि मी कूस बदलायचे.

एक दिवस जिगरचा फोन आला. काका तीन आठवडे आले नव्हते. त्यांचे वडील बाथरूममध्ये घसरले होते, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून रजा टाकून बसले होते. माझ्या कपाटात त्यांचे गुडघ्याचे पॅड पडून होते. म्हटलं, ते परत करावेत आणि त्यांना माफ करून यावं. माफी मागायला नव्हे, माफ करायला. हा फरक मी रिक्षात बसल्याबसल्या पक्का केला होता.

वासण्यातलंच छोटं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, निघालं. दोन वर्षं मी त्या गल्लीवरून जात होते. दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही, खिशात चमचा नाही. "ये," म्हणाले, जणू मी कालच गेले होते. आतल्या खोलीत खुर्चीवर त्यांचे वडील बसले होते, पायाला प्लास्टर. रेल्वेतून रिटायर झालेले. सगळे अण्णा म्हणायचे.

"आव, आव, बस ने," अण्णा म्हणाले. "अरे, चहा झाला का?"

काकांनी आधीच उकळत ठेवलेला गवती चहा आणला. अण्णांना कपाचा कान धरता येत नव्हता, म्हणून त्यांच्या हातात अर्धं भरलेलं फुलपात्र दिलं.

अण्णांनी ते उचललं.

हात थरथरत वर यायला लागला. एक. दीड. दोन. मी खुर्चीची कड घट्ट धरली. अडीच. आता सांडणार, आता सांडणार, आणि एक थेंब सांडला नाही. तीन. साडेतीनला हात ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला. मग चारला अण्णा चहा प्यायले.

काका स्वयंपाकघराच्या दारात स्वतःचं फुलपात्र घेऊन उभे होते. मी बघितलंय हे त्यांनी बघितलं.

"कंपनीतलं व्हायब्रेशन," मी म्हटलं.

ते येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझं असतं तर मीच टाळी वाजवली असती गं. स्वतः होऊन तुला दिलं असतं. पण ते माझं नव्हतंच. मी यांना न विचारता उचललं. बारा वर्षं यांच्या दुखण्यावर टाळ्या घेतोय मी. लोक ओरडतात ना, तेव्हा मला वाटतं, यांच्या हाताला हसतायत. मी एकटा त्यात पुरे होतो. तूही उचललंस आणि मला ते बघवेना."

दीड वर्ष जपून ठेवलेला राग होता, आणि तो कुणावर टाकायचा तेच कळेना.

"मला ऐकू येतं," अण्णा म्हणाले. "हात हलतो, कान नाही."

काका स्टुलावरून ताडकन उठले.

"जिगरने मला मागेच दाखवलंय फोनमध्ये. चार वेळा बघितलं."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"काय बोलू? चुकीचं करतोस."

बडोद्यातला सगळ्यात कडक परीक्षक तोंड उघडं टाकून उभा राहिलेला मी त्या दिवशी पाहिला. "चुकीचं म्हणजे?"

"शेवटी थांबतोस कशाला?"

"तुम्ही थांबता म्हणून."

"मी वास घेतो," अण्णा म्हणाले. "गवती चहा घालायचा कशाला मग? तू नुसताच थांबतोस. आणि पीत तर नाहीसच. बराबर बघत जा ने जरा."

आम्हाला लहरीपुऱ्यात तासतास उभं करून बघायला शिकवणाऱ्या माणसाने घरात बारा वर्षं अर्धंच बघितलं होतं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडायला आलं, आणि काकांचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांना दोघेही नापास वाटले असावेत.

"पोरीला चहा दे," ते म्हणाले.

"संपला. एवढाच केला होता."

"मग तुझ्यातला दे."

काकांनी हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं. अर्धं पिऊन झालेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि मग माझ्यापुढे केलं.

"उष्टा आहे," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण घरचा आहे."

ज्या शब्दासाठी मी दोन वर्षं फरशी झिजवली तो मला असा मिळाला, चहाच्या नावाने आणि पुल्लिंगी. चहा गार झाला होता, त्यात साखरही नव्हती. मी फुलपात्र उचललं, साडेतीनला थांबले, वास घेतला आणि चारला प्यायले.